विठोबाची वरात, सकाळी सहाला

“जोवर या शहापुरात एक तरी माणूस श्वास घेत आहे, तोवर आपल्या विठोबाला यंत्र जागे करणार नाही,” असे केशवराव देवळाच्या सभामंडपात उभे राहून म्हणाले आणि वाक्य संपल्यावरही उजवा हात थोडा वेळ वरच ठेवला.

माइक बंद होता.

“काय म्हनलं जी?” कमिटीचे अध्यक्ष भैय्यालाल मागून म्हणाले. “वायर निंगाली होती. आता बोला.”

मोठी वाक्ये दुसऱ्यांदा म्हणता येत नाहीत, हा त्यांचा एक दोष आहे. केशवरावांनी हात खाली घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, “मशीन नको.” हे सगळ्यांना ऐकू गेले.

भांडण होते एका डब्याचे. कार्तिकात पहाटे काकड आरती असते, भूपाळी म्हणून देवाला उठवतात. या लहानशा देवळात चाळीस वर्षे भूपाळी धनीरामने गायली आणि पेटी केशवरावांनी वाजवली. या उन्हाळ्यात नागपूरला धनीरामच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. जीव राहिला, गाणे गेले, उरली ती फक्त कुजबुज. मृदंगवाला नातू सांभाळायला पुण्याला निघून गेला. तेव्हा भैय्यालालनी, ज्यांचे खताचे दुकान आहे आणि ज्यांना कोणत्याही गोष्टीवर उतारा चटकन सुचतो, एक डबा आणला. डब्यात मेमरी कार्ड, कार्डात कोण्या परगावच्या गायकाची भूपाळी, आणि वर एक घड्याळ. बटन दाबून ठेवायचे. सकाळी सहाला डबा आपणहून गातो आणि साडेसहाला आपणहून गप्प बसतो.

“एवढी शिस्त मंडळात कधी होती का?” असा भैय्यालालचा सवाल होता, आणि खरे सांगायचे तर तो बिनतोड होता.

पण केशवरावांच्या डोळ्यांपुढे धनीराम होता. ज्या जागी तो चाळीस वर्षे उभा राहिला, त्या जागी डबा गाणार. माणूस खचेल. एकदा गळा कापला, आता काळीज कापणार. याबद्दल खुद्द धनीरामचे काय म्हणणे होते, ते कोणी विचारले नव्हते. केशवरावांना विचारायची गरज वाटली नाही. चाळीस वर्षांची मैत्री होती.

शेवटी ठरले ते असे. देवउठनी एकादशीला, म्हणजे देव चार महिन्यांच्या झोपेतून उठतो त्या दिवशी, केशवरावांनी जिवंत माणसांकडून भूपाळी करून दाखवावी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. जमली तर डबा भैय्यालालच्या घरी. नाही जमली तर डबा कायमचा देवळात, आणि केशवरावांनी पुन्हा माइकजवळ येऊ नये. मुदत तीन आठवडे. तोवर पुजाऱ्याने नुसती घंटा वाजवून काम भागवावे.

गावात गाणारे लोक होते, पण ते पहाटे उठत नव्हते. पहाटे उठणारे होते, ते गात नव्हते. चार दिवस केशवराव दारोदार फिरले आणि पाचव्या दिवशी बायकोची कळशी गळत होती म्हणून ती घेऊन भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात गेले. तिथे बाबुलाल बसला होता. बाबुलाल म्हणजे ‘दुल्हेराजा ब्रास बँड’चा मास्तर. चातुर्मासात लग्ने नसतात, तेव्हा चार महिने तो पितळेत फुंकायचे सोडून पितळ ठोकत बसतो. कळशीचे भोक बुजवून झाल्यावर त्याने सवयीने ती तोंडाशी धरली आणि काठावर फुंकर मारली. कळशीतून असा काही गंभीर, भरदार सूर निघाला की केशवरावांना दुकानातल्या दुकानात साक्षात्कार झाला.

“बाबुलाल, तुह्या बँडले विठोबाची भूपाळी येईन का?”

“कोन्त्या पिक्चरची आहे जी?”

“पिक्चरची नाही.”

“मंग जमवा लागन,” बाबुलाल म्हणाला. सीझन सुरू व्हायच्या आधी ओठ मोकळे होतील, एवढ्या एका लोभावर तो तयार झाला. बँड मोठा होता, पण बाकीचे लोक गावोगावी पांगले होते. हाताशी होते चौघे. क्लॅरिनेटवर स्वतः बाबुलाल, ट्रम्पेटवर योगेंद्र, सॅक्सोफोनवर गोलू आणि युफोनियमवर, म्हणजे पोटाशी धरायच्या त्या अगडबंब पितळी भोंग्यावर, प्रफुल्ल. गोलू अठ्ठेचाळीस वर्षांचा असून दोन नातवंडांचा आजा आहे. नाव बदलायचे राहून गेले.

आता केशवरावांच्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. बत्तीस वर्षे त्यांनी पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढले. त्यामुळे भूपाळी चार वाद्यांत वाटायची म्हटल्यावर त्यांनी आधी आलेखाचा कागद आणला. क्लॅरिनेट हा निळ्या शाईतला मुख्य कालवा. ट्रम्पेट हा लाल उपकालवा. सॅक्सोफोन ही हिरवी पाटचारी. आणि सगळ्यांच्या खाली तपकिरी रंगात युफोनियम, त्यावर शेरा: ‘धरणाचा पाया. हलू नये.’ धनीराम जिथे श्वास घ्यायला थांबायचा, तिथे केशवरावांनी चारही कालव्यांची दारे बंद दाखवली. तिसरे कडवे संपताना धनीरामला चाळीस वर्षे न चुकता खोकला येत असे. तिथेही दोन मात्रा मोकळ्या सोडल्या. मूळ चालीशी इमान म्हणजे इमान.

“खोकलाही लिवला?” केशवरावांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, कागदावर वाकून विचारले.

“तो चालीचा भाग आहे.”

“माह्या खोकल्याची पट्टी कधी काढली नाही तुम्ही,” असे म्हणून त्या भात उतरवायला गेल्या.

शेजारचे भैय्याजी, हे खतवाले भैय्यालाल नव्हेत, सल्ला द्यायला आले. त्यांनी पूर्वी रेडिओवर बरेच शास्त्रीय संगीत ऐकले होते आणि त्याचा सूड ते अजून घेत होते. त्यांचे म्हणणे असे की, हे पाच सूर म्हणजे भूप राग, आणि भूप हा रात्रीचा. सकाळी वाजवला तर देव उठायच्या ऐवजी आणखी झोपेल. केशवराव म्हणाले, तेच पाच सूर सकाळी वाजवले की त्याला देशकार म्हणतात. भैय्याजी म्हणाले, मग वाद्यांना कसे कळणार किती वाजले ते? यावर दोघांचे तीन दिवस बोलणे बंद होते. त्या तीन दिवसांत पुष्कळ काम झाले.

तालमीची वेळ पहाटे पाचची ठरली, कारण धानाची कापणी चालू होती आणि सातला बाबुलालला दुकानात, बाकीच्या तिघांना विळा घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायचे असे. जागा धनीरामच्या अंगणात. त्याचे घर गावाच्या टोकाला, धानाच्या बांध्यांना लागून. शिवाय केशवरावांचे मत होते की आजारी माणसाला याहून चांगले औषध नाही. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः धनीरामला उठवले, मफलर गुंडाळला, खाट अंगणात मधोमध टाकली आणि त्याला तिच्यावर बसवले. धनीरामने काहीतरी कुजबुजायला तोंड उघडले.

“तू बोलू नको,” केशवराव म्हणाले. “डॉक्टरनं मना केलं. नुसता ऐक.”

धनीरामने तोंड मिटले आणि मग डोळेही मिटले. ‘तल्लीन झाला,’ असे केशवरावांनी मनात नोंदवले. 

बँडवाले कागद वाचत नाहीत, कानाने घेतात. केशवरावांनी हट्टाने चार दिवसांत चौघांना सारेगम वाचायला शिकवली. पाचव्या दिवशी पेटी पुढे ओढली, नकाशे आखायची सागाची पट्टी उचलली, आणि म्हणाले, “हं. सा.”

बाबुलाल, योगेंद्र आणि प्रफुल्ल यांचा एक सा निघाला. गोलूचा दुसराच निघाला. केशवरावांच्या पेटीचा तिसरा होता. शेजारच्या बांधीतले बगळे एकदम उठून वैनगंगेच्या दिशेने गेले आणि त्या दिवशी परत आले नाहीत.

“गोलू, सा.”

“सा-च आहे जी,” गोलू म्हणाला. “वाजा घेतला तवापासून माहा सा हाच आहे.”

दोष कोणाचाच नव्हता. क्लॅरिनेटवर ज्याला सा म्हणतात आणि सॅक्सोफोनवर ज्याला सा म्हणतात, त्यांची उंचीच वेगळी. वाद्ये घडवणाऱ्यांनी ती तशी घडवली. कानाने वाजवताना हे लोक आपोआप एकमेकांना सांभाळून घेत. कागद हातात आल्याबरोबर चौघांनी कागदावर विश्वास ठेवला आणि घात झाला. केशवराव दोन दिवस घरी बसले. मग त्यांच्या लक्षात आले की हे तर कालव्याच्या मोजणीसारखे आहे: जो तो आपल्याच बांधावरून पातळी मोजत होता. गोलूचा सा म्हणजे बाकीच्यांचा म. त्यांनी हिरवी पाटचारी पुन्हा काढली, पाच वेळा खोडून. पेटीची पातळी मात्र कोणाशीच जुळेना, म्हणून ती सर्वानुमते वगळण्यात आली. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर केशवरावांच्या हातात आता फक्त सागाची पट्टी उरली. ती त्यांनी ताठ धरली.

सूर जुळले, तर लय मोडू लागली. चौघे बाकावर बसून वाजवत आणि दुसऱ्या कडव्यात चार दिशांना जात. 

“साहेब, राग नका मानू,” बाबुलाल शेवटी म्हणाला. “बावीस वर्सं झाली, बसून कधी वाजवलंच नाही. वरातीचे लोक आमी. पाय थांबले का सूर थांबते.”

“मंग चाला.”

“कुठं?”

अंगणात मोकळी जागा होती ती खाटेभोवती. तेव्हा चौघे खाटेभोवती चालू लागले, आणि काय सांगावे, भूपाळी सरळ झाली. पावलाला मात्रा, मात्रेला पाऊल. मधोमध मफलर गुंडाळलेला धनीराम डोळे मिटून, भोवती फिरणारे चार पितळी बाजे, आणि बाजूला पट्टी हलवणारे केशवराव. तिसऱ्या फेरीला कुंपणापलीकडून मनकर्णाबाई आल्या. शेजारच्या म्हातारबाई, डोळ्यांनी अधू. खाट, खाटेवर गुंडाळलेला माणूस आणि भोवती बाजा एवढेच त्यांना धुक्यात दिसले. त्यांनी पदर तोंडाला लावला, “गेला रे माहा देवमानूस,” म्हणून गळा काढला आणि खाटेच्या पायाशी बसल्या. धनीराम दचकून जागा झाला. त्याला उठून बसलेला पाहून मनकर्णाबाईंनी जो दुसरा गळा काढला, तो पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीतला होता.

“तो किती मन लावून ऐकून राहिला होता,” केशवराव चिडून म्हणाले. “तुम्ही समाधी मोडली.”

धनीरामने मनकर्णाबाईंकडे जवळजवळ कृतज्ञतेने पाहिले. केशवरावांनी ते पाहिले नाही. ते पट्टी शोधत होते.

चालत वाजवायचे म्हणजे देवळाभोवतीही चालत वाजवायचे, आणि चालत वाजवले की ती मिरवणूक होते, आणि मिरवणुकीला परवानगी लागते. कचेरीचे नाव सांगत नाही. केशवरावांना तिथे पुन्हा जायचे आहे. खिडकीत तृप्ती मॅडम होत्या. कॉम्प्युटरमध्ये कार्यक्रमाचे चारच प्रकार होते: वरात, राजकीय मिरवणूक, विसर्जन आणि अंत्ययात्रा.

“देवाला उठवायचं आहे,” केशवराव म्हणाले.

“विसर्जनात टाकू?”

“मॅडम, तो आताच तर उठून राहिला.”

मॅडमनी प्रामाणिकपणे विचार केला. “बँड आहे, चालणं आहे. वरातीतच बसते काका. वराचं नाव?”

“विठ्ठल.”

“वधू?”

“रुखमाई.”

“वधूचा पत्ता?”

“विठ्ठल मंदिर, शहापूर.”

“वर कुठून निघणार?”

“तिथंच तर राहते तो.”

“घरजावई,” असे म्हणून मॅडमनी टाइप केले. “दोघांच्या वयाचे दाखले जोडा. बालविवाहाचं आजकाल फार कडक आहे.”

दुसरा कोणी असता तर इथून परत गेला असता. केशवरावांनी दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीचा फोटो आणला. पायरीवर १८९१ साल कोरलेले होते. वधू-वर सज्ञान असल्याबद्दल मॅडमची खात्री पटली. मात्र सहाच्या आधी वाजंत्रीला परवानगी नाही, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे एरवी पाचला उठणाऱ्या विठोबाला त्या दिवशी नियमानुसार एक तास जास्त झोप मिळाली.

परवानगीची प्रत देवळाच्या दारावर चिकटवली गेली आणि तिथेच गोंधळ झाला. एकादशीला पावणेसहाच्या सुमारास केशवराव धनीरामला हाताला धरून आले, तर निम्मे गाव लग्नाचे कपडे घालून उभे. दोघातिघांनी जेवण कुठे आहे ते विचारले. एकादशी आहे म्हटल्यावर त्यांना हे लग्न तेवढेसे पटले नाही.

धनीरामला पायरीवर बसवले. बरोबर सहाला केशवरावांनी पट्टी वर केली. भूपाळी सुरू झाली आणि लग्न समजून आलेल्यांनी ती भरून घ्यायला मोबाइल वर धरले. देवळाला बाहेरून एक फेरी सुरेख झाली. मग चौघे दाराशी आले आणि तिथेच थबकले. वाजवणे चालू, पाय जागच्या जागी चालू, पण कोणी आत जाईना.

“आत चला,” केशवराव दबक्या आवाजात म्हणाले.

बाबुलालने ओठाच्या कोपऱ्यातून क्लॅरिनेट जरा बाजूला केली. तेवढे गोलूने सांभाळले. “नवरीकडचं कोनी आल्याबिगर बँड मांडवात पाय टाकत नाही जी. रिवाज आहे.” आणि परत वाजवू लागला.

आणि तेवढ्यात आतून डबा गायला लागला. त्याचे घड्याळ चार मिनिटे मागे होते. आदल्या दिवशी भैय्यालालनी तो चालतो की नाही हे पाहायला बटन दाबले आणि ते तसेच राहून गेले, असे त्यांनी नंतर सांगितले. परगावचा गायक आपल्या वेगळ्याच सा-मध्ये, मोठ्या भक्तिभावाने, पहिल्या कडव्यापासून सुरू झाला. बाहेर दुसरे कडवे चालू होते. केशवरावांनी मनात हिशेब केला. आता हे चौघे थांबणार, आणि थांबले की संपले.

पण बाबुलालने योगेंद्रकडे पाहिले आणि भुवई उडवली. ही नजर बँडवाल्यांची असते. अरुंद गल्लीत समोरून दुसरी वरात येते, तेव्हा दोन बँड तोंडाला तोंड लावून उभे राहतात, आणि जो आधी थांबेल त्याचे नाव त्या सीझनला बुडते. दुल्हेराजा बँड बावीस वर्षांत थांबला नव्हता. योगेंद्रने ट्रम्पेट वर उचलला. प्रफुल्लने पोट घट्ट केले. समोर कोणाचाही सा असो, हे आपल्या बांधावरून हलले नाहीत.

तेवढ्यात गर्दीतून रुखमाबाई पुढे आल्या. हातात कुंकवाचे ताट, तोंडावर राग. “या जी, आत या,” असे म्हणून त्यांनी नवरीकडच्या म्हणून चौघांना कुंकू लावले आणि प्रफुल्लच्या भोंग्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. रिवाज पुरा झाला. वरात आत गेली.

गाभाऱ्याभोवतीची वाट अरुंद. बाबुलाल गेला, योगेंद्र गेला, गोलू तिरपा होऊन गेला. प्रफुल्ल खांब आणि भिंत यांच्या मध्ये अडकला. पुढे जाईना, मागे येईना. त्याने केशवरावांकडे पाहिले, त्याला तो तपकिरी शेरा आठवला असावा, आणि तो जिथे होता तिथूनच वाजवत राहिला. पाया हलला नाही. बाकीचे तिघे त्याच्यापर्यंत येत आणि परत फिरत, जसे पाणी दारापाशी येऊन वळते.

तिसरे कडवे संपत आले. पुढे त्या दोन रिकाम्या मात्रा. त्या फटीत डबा ऐकू येणार, सगळ्या गावाला, हे केशवरावांना आता उमगले आणि उपाय काही नव्हता. पट्टी खाली आली. चारही बाजे मिटले.

शांतता होती. डब्याजवळ भैय्यालाल उभे होते आणि त्यांच्या हातात वायर होती. ती त्यांनी का ओढली, हे त्यांनी पुढेही कोणाला सांगितले नाही. 

आणि त्या शांततेत, पायरीवर, धनीराम खोकला. अगदी जागेवर. दोन मात्रा.

बाबुलालने डोळे मिटले आणि चौथे कडवे उचलले. त्यानंतर शेवटपर्यंत कोणीही जेवणाचे विचारले नाही.

संपल्यावर प्रफुल्लला बाहेर काढायला तिघे लागले. भैय्यालाल डबा काखेत मारून घराकडे निघाले. भैय्याजी येऊन म्हणाले की आज तो देशकारच होता, त्यांना पहिल्यापासून वाटत होते. मनकर्णाबाईंनी केशवरावांच्या तोंडावरून हात फिरवला. केशवरावांनी पट्टी काखेत धरली आणि पायरीपाशी गेले. धनीरामच्या डोळ्यांतून पाणी येत होते. त्याने बोटाने जवळ बोलावले. केशवरावांनी कान त्याच्या तोंडाशी नेला.

“चांगलं झालं, केशव,” धनीराम कुजबुजला. “अगदी माह्यासारखंच झालं.”

“तुह्यासाठीच केलं बाप्पा.”

“मालूम आहे. म्हनून तं तीन हप्ते काही बोललो नाही.” त्याने दम घेतला. “चाळीस वर्सं कार्तिकात पहाटे चारले उठलो. ऑपरेशनच्या टेबलावर पडलो, तवा एकच गोष्ट बरी वाटली, का आता तरी सकाळचा झोपून राहीन. तं तू बँड घेऊन आला.”

केशवरावांनी वळून पाहिले. भैय्यालाल डबा घेऊन वळणावर पोचले होते.

“मंग आता?”

“तो डबा मले मांगून दे,” धनीराम म्हणाला. “त्याच्यात आपलं आजचं भरून. मी घरी गोधडीतून ऐकत जाईन.” आणि थोडे थांबून, केशवरावांची बाही धरून, “घड्याळ तेवढं आठचं लावजो.”